चार्ज घ्यायला कुणीतरी

शिबिरात तिचा बीपी 180/110 निघाला. पाच मिनिटं शांत बसवून पुन्हा घेतला, तरी तेवढाच. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली, "आज घरी जाऊन पडा" म्हणाले. तिनं चिठ्ठी पर्समध्ये सारली, व्हॅक्सिन कॅरिअर खांद्याला अडकवला आणि लसीकरणाच्या सत्राला निघाली. मी दारात अडवलं तर म्हणाली, "बाई, एकवीस पोरं बोलवल्यात. आशा वर्करनं काल घरटी फिरून सांगितलंय. मी न्हाई गेलो तर कोण जातंय?"

मी गप्प झाले. ती उपकेंद्राची आरोग्य सेविका, म्हणजे गावची सिस्टर. मी तिची सुपरवायझर, आरोग्य सहाय्यिका. शेजारच्या उपकेंद्राची जागा दीड वर्ष रिकामी होती आणि तो चार्ज तिच्याकडंच होता. त्याच्या पलीकडच्या उपकेंद्राची सिस्टर बाळंतपणाच्या रजेवर. सत्र मी घेऊ शकले असते, बावीस वर्षं आरोग्य सेविका म्हणून तेच तर केलं होतं. पण शिबिराची हजेरी, चहा-नाश्ता, फोटो आणि संध्याकाळी पाचच्या आत पाठवायचा अहवाल माझ्याकडं होता. शिबिर होतं कर्मचाऱ्यांच्या आरोग्यासाठी. ती गेली, मी थांबले. आता निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. कोल्हापुरात घरी असते, सकाळी रंकाळा तलावावर फिरायला जाते. चालता चालता ती पाठमोरी दिसते अजून. खांद्यावरचा तो निळा डबा आणि त्याच्या वजनानं एका अंगाला कललेली तिची चाल.

शिबिरात वाईट काही नव्हतं, हे आधी सांगते. योगशिक्षिका मनापासून शिकवत होती. आहारावर बोलायला आलेल्या बाईंनी नाचणी, शेंगदाणे, पालेभाजी अशा आमच्या घरातल्याच गोष्टी सांगितल्या. हॉलमध्ये आम्ही पन्नासेक जणी सतरंजीवर बसलेलो. "डोळे मिटा, श्वास सावकाश सोडा." मी मध्येच डोळे उघडले. प्रत्येकीच्या मांडीवर फोन, आवाज बंद केलेला, पण थरथर चालूच. ग्रुपवर कुणीतरी आभा, म्हणजे डिजिटल आरोग्य कार्डांचा आकडा मागत होतं. माझ्या शेजारची सिस्टर डोळे मिटून, श्वास सोडत, तळहातानं फोन दाबून बसली होती. झोपेतून उठू पाहणाऱ्या बाळाला आपण थोपटून धरतो ना, तशी.

मग ताणतणावावर व्याख्यान झालं. वक्ते म्हणाले, नाही म्हणायला शिका. मागून एक आशाताई अगदी हळू, जणू स्वतःलाच विचारल्यासारखी म्हणाली, "पर कुणाला म्हणायचं?" मला वाटतं, त्या दिवशीचा सगळ्यात नेमका प्रश्न तो होता.

आमच्या खात्यात सगळं यादीवर चालतं. सपाटीवर 5000 लोकसंख्येमागं एक उपकेंद्र आणि डोंगराळ भागात 3000 मागं, असं प्रमाण आहे. आता शाहूवाडी, राधानगरी, गगनबावड्याच्या अंगाला 3000 माणसं म्हणजे काय, हे तिथं पावसाळ्यात चालल्याशिवाय कळत नाही. वाड्या विखुरलेल्या, मधे ओढे, आणि पाऊस लागला की चार-चार दिवस आभाळ दिसत नाही. तरी त्या प्रत्येक वाडीतलं प्रत्येक माणूस सिस्टरच्या यादीत असतं. गरोदर माता वेगळ्या, शून्य ते एक वर्षाची बाळं वेगळी, कुटुंब नियोजनासाठी पात्र जोडपी वेगळी, टीबीचे पेशंट वेगळे. 2018 नंतर उपकेंद्रांच्या पाट्या बदलायला लागल्या, आधी आरोग्यवर्धिनी आणि आता आयुष्मान आरोग्य मंदिर. तेव्हापासून तिशीच्या पुढच्या सगळ्यांची यादी आली. बीपी, शुगर, आणि तोंडाचा, स्तनाचा, गर्भाशयमुखाचा कॅन्सर यांची तपासणी. त्यासाठी आशा घरोघर जाऊन सीबॅक नावाचा, आजाराचा धोका मोजायचा फॉर्म भरते. वय किती, तंबाखू खाता का, कमरेचा घेर किती, आठवड्याला दीडशे मिनिटं अंगमेहनत होते का, आई-वडिलांना बीपी-शुगर होती का. प्रत्येक उत्तराला गुण, आणि बेरीज चारच्या वर गेली की त्या माणसाला तपासणीसाठी आधी बोलवायचं.

एकदा रात्री आशांनी दिलेले फॉर्म तपासत बसले होते. दोनशेच्या वर असतील. कंटाळून एक कोरा फॉर्म ओढला आणि स्वतःचा भरला. वय पन्नाशीच्या पुढं, दोन. कमरेचा घेर टेपनं मोजला, नव्वद सेंटिमीटरच्या वर, आणखी दोन. आईला शुगर, पुन्हा दोन. बेरीज सहा. गावातल्या एखाद्या बाईची सहा आली असती तर मी आशाला दुसऱ्या दिवशी तिच्या घरी पाठवलं असतं, नाही आली तर स्वतः गेले असते. माझ्याकडं कोण येणार? नोकरीच्या गावच्या यादीत माझं नाव नव्हतं, कारण मी तिथली रहिवासी नव्हते. घर कोल्हापुरात, तिथली सिस्टर सर्व्हेला यायची तेव्हा घराला कुलूप असायचं, कारण मी दुसऱ्या कुणाच्या तरी दारात उभी असायचे. तेहतीस वर्षं मी लोकांची नावं यादीत घातली आणि माझं नाव दोन्ही याद्यांच्या मधल्या फटीत पडलेलं. दुसऱ्या दिवशी मी आमच्या सगळ्या सिस्टरांना विचारलं. अकरा जणींपैकी नऊ जणींचा फॉर्म कुठंच भरलेला नव्हता.

हेपॅटायटिस बी या रक्तातून पसरणाऱ्या काविळीच्या लशीचंही तसंच. बाळ जन्मलं की चोवीस तासांच्या आत ती लस आपण देतो, आणि एखादं बाळ राहिलं तर आम्हाला जाब द्यावा लागतो. रक्ताशी काम करणाऱ्या प्रत्येकानं तिचे तीन डोस घ्यावेत, आज, एक महिन्यानं आणि सहाव्या महिन्याला, हेही आम्ही ट्रेनिंगमध्ये शिकलेलो. मी नोकरीला लागले 1989 ला. तेव्हा काचेच्या सिरिंज उकळून वापरायचो, सुई बोटात शिरणं नवलाचं नव्हतं. बोट नळाखाली धरायचं आणि पुढच्या बाळाला घ्यायचं. माझा पहिला डोस मी घेतला तो सुपरवायझर झाल्यावर, मैत्रिणीच्या ओळखीनं, स्वतःच्या पैशानं.

आणखी एक गोष्ट लिहायला संकोच वाटतो, पण लिहिते, कारण कुठल्याच व्याख्यानात ती येत नाही. फिरतीवर जाणाऱ्या बायका पाणी पीत नाहीत. सकाळी घरातून निघताना अर्धा कप चहा, मग थेट दुपारी दोन-तीनला घरी किंवा केंद्रात परतल्यावर. सत्र कधी समाजमंदिरात, कधी अंगणवाडीत, कधी कुणाच्या सोप्यात. तिथं संडासाची सोय असेलच असं नाही, असली तर पाणी नाही, पाणी असलं तर दाराला कडी नाही. लोक फार प्रेमानं विचारतात हो. "सिस्टर, पाणी घ्या की. ताक देऊ?" आपण म्हणायचं, नको, आत्ताच प्यायले. एप्रिलच्या उन्हातसुद्धा. पुढं लघवीची जळजळ, ताप, एकीला मुतखडा. पाणी जास्त प्या, असं गरोदर बायकांना सांगणारी बाई स्वतः ओठ कोरडे घेऊन बसलेली असते. मला जर कुणी विचारलं, आरोग्य कर्मचाऱ्यांच्या कल्याणाचा कार्यक्रम कुठून सुरू करायचा, तर मी म्हणेन, सत्राच्या जागेवरच्या संडासाच्या कडीपासून.

माझे वडील तालमीतले. नाव झालेले पैलवान नव्हेत, पण गंगावेशीकडच्या तालमीत तरुणपणी चार-पाच वर्षं काढली होती, आणि खासबागेतल्या कुस्त्यांच्या गोष्टी ते मरेपर्यंत सांगायचे. राजर्षी शाहू महाराजांनी 1912 ला बांधलेलं ते मैदान, हौद्यातली तांबडी माती, तिच्यात कालवलेलं तेल, ताक, हळद, लिंबू. लहानपणी मला त्यातलं एक फार आवडायचं. वडील म्हणायचे, पोरगं तालमीत आलं की वस्ताद आधी त्याचे जोर-बैठका मोजायचा नाही, रात्री किती झोपलास ते विचारायचा. पहाटेची मेहनत झाली की अंगाची मालिश, मग थंडाई, दूध, तूप, आणि दुपारची झोप. झोप चुकवून एखादा बाहेर हिंडताना दिसला की वस्ताद त्याला संध्याकाळी हौद्यात उतरू द्यायचा नाही. विश्रांती ही त्या पोराच्या मर्जीवर सोडलेली गोष्ट नव्हती. ती बघायची जबाबदारी वस्तादाची, आणि खुराकाची सोय घरानं, तालमीनं, पूर्वी दरबारानं केलेली. मोजून घ्यायचं तेवढं काम, आणि त्या कामाला पुरेल एवढा खुराक नि झोप, हे एकाच माणसाच्या हिशेबात असायचं.

आमच्याकडं कामाचा हिशेब एका माणसाकडं, आणि झोप-खुराकाचा कुणाकडंच नाही. मी वस्तादाच्या जागी होते तेव्हासुद्धा माझ्याकडं फक्त बैठका मोजायचं रजिस्टर होतं.

माझी भाची पुण्यात सार्वजनिक आरोग्याचा कोर्स करते. त्या बीपीच्या दिवसाबद्दल मी तिला फोनवर सांगितलं, तर पुढच्या सुट्टीत ती लॅपटॉप घेऊनच आली. दोन दुपारी आम्ही स्वयंपाकघरात बसून वाचलं, ती वाचायची आणि मराठीत सांगायची. अमेरिकेतल्या एका मोठ्या दुकानांच्या साखळीत असा वेलनेसचा कार्यक्रम दीड वर्ष चालवून बघितला होता. 160 दुकानं, तेहतीस हजारांच्या आसपास कर्मचारी, आणि कुठल्या दुकानात कार्यक्रम करायचा ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलेलं. 2019 ला निष्कर्ष आले. आम्ही व्यायाम करतो, वजनाकडं लक्ष देतो, असं सांगणारी माणसं वाढली. वजन, बीपी, कोलेस्टेरॉल मात्र जिथल्या तिथं, रजाही तेवढ्याच. 2024 ला ब्रिटनमधला एक अभ्यास छापून आला. 233 संस्था आणि 46,336 कामगार. ध्यानाचे वर्ग, ताण सोसायचं प्रशिक्षण, झोपेची ॲप यांत भाग घेतलेल्या आणि न घेतलेल्या माणसांत फरक सापडला नाही. एकाच गोष्टीत थोडा दिसला, दुसऱ्यांसाठी स्वेच्छेनं काही काम करायची संधी दिली त्यात.

हे ऐकून मला बरं वाटलं नाही. कारण आमचं शिबिर झालं नसतं तर तिचा 180/110 कळलाच नसता, एक दिवस रस्त्यात कोसळल्यावर कळला असता. तपासणी हवीच, योगही हवा. मी स्वतः करते. भाचीला मी हेच म्हटलं. ती म्हणाली, "मावशी, मोजणं हवंच. पण मोजल्यावर तुम्ही तिला परत त्याच कामावर पाठवलंत ना." तिनं ते टोचून म्हटलं नव्हतं, तरी लागलं.

मग तिनं लंडनच्या सरकारी नोकरांची गोष्ट सांगितली आणि ती मात्र माझ्या डोक्यातून गेली नाही. 1967 ला तिथल्या सरकारी कचेऱ्यांतल्या अठरा हजारांच्या आसपास पुरुषांची पाहणी सुरू झाली. सगळे पक्क्या नोकरीतले. कुणी उपाशी नाही, औषधोपचार सगळ्यांना सारखा. तोपर्यंत समजूत अशी की हार्ट अटॅक साहेबाला येतो, डोक्यावर जबाबदारी असते म्हणून. निघालं उलटं. शिपाई, निरोपे, दारावरचे रखवालदार यांचं हृदयविकारानं मरण्याचं प्रमाण सगळ्यात वरच्या साहेबांच्या तिपटीहून जास्त. बिडी-सिगरेट, वजन, बीपी सगळं हिशेबात धरलं तरी तो फरक पुरता भरून निघेना. 1985 ला दुसरी पाहणी सुरू केली, 10,308 माणसं, या वेळी बायकाही. मायकेल मार्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातून दाखवलं की स्वतःच्या कामावर स्वतःचा ताबा किती, हे हृदयाच्या आरोग्याशी बांधलेलं आहे. काम कधी करायचं, आधी कुठलं, थांबायचं कधी, यातलं काहीच आपल्या हातात नसेल तर शरीर ते सोसत राहतं आणि नोंदवतही राहतं.

मी आमच्या केंद्रातल्या परिचराचा विचार केला. सकाळी झाडलोट, दुपारी तालुक्याला टपाल, रात्री बाळंतपण आलं की पुन्हा हाक. त्याला कधी कुणी विचारलं नाही, तुला यातलं कुठलं जमेल म्हणून. मीही नाही.

जागतिक आरोग्य संघटनेनं 2022 ला कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्यावर सूचना काढल्या आहेत, त्याही भाचीनं दाखवल्या. त्यात कामाचा बोजा, कामाच्या वेळा, निर्णयात कर्मचाऱ्यांचा सहभाग आणि वरिष्ठांचं प्रशिक्षण या गोष्टींवर भर आहे. बर्नआउटसाठी त्यांनी तीन खुणा दिल्यात. पार गळून जाणं, कामापासून मन तुटणं, आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. आजार म्हणून त्याची नोंद नाही. कामाच्या जागी साचत गेलेल्या ताणातून होणारी गोष्ट, अशी नोंद आहे. आमच्याकडं त्याला "विटलोय बघा" म्हणतात. चांगली, जीव लावून काम करणारी सिस्टर एक दिवस हे वाक्य बोलते, आणि आपण म्हणतो, तिचा स्वभावच चिडका झालाय.

2019 च्या ऑगस्टमधला पूर. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43. त्या वर्षी पाणी 55 फुटांच्या वर गेलं. पुणे-बेंगळुरू हायवे शिरोलीजवळ पाण्याखाली, कोल्हापूरचा रस्ता तुटलेला. पूर्वेकडच्या एका निवारा केंद्रात माझी ड्युटी लागली होती. शाळेच्या वर्गांत माणसं, व्हरांड्यात म्हशी. तिथं एक सिस्टर आधीपासून काम करत होती. ताप-जुलाबाचे पेशंट बघायचे, पाणी शुद्ध करायच्या मेडिक्लोरच्या बाटल्या वाटायच्या, गरोदर बायका शोधून पुढं पाठवायच्या, चिखलात वावरणाऱ्यांना लेप्टोस्पायरोसिस होऊ नये म्हणून डॉक्सीची गोळी द्यायची. दुसऱ्या दिवशी रात्री भात खाताना मी सहज विचारलं, तुमचं घर कुठं? तिनं शाळेच्या मागच्या बाजूला, नुसत्या पाण्याकडं बोट केलं. "ते आंब्याचं झाड दिसतंय न्हवं, त्याच्या पलीकडं." झाडाचा शेंडा तेवढा दिसत होता. सासू-सासरे तिसऱ्याच गावात पाहुण्यांकडं, मुलगा तिच्या बहिणीकडं. अंगावरची साडी केंद्रात वाटायला आलेल्या कपड्यांतली होती. ती आपण ठेवून घेऊ का, असं तिनं कुणाला तरी विचारून घेतली होती.

पाणी उतरल्यावर गावात पंचनामे सुरू झाले. तलाठी, ग्रामसेवक घरोघर. घरमालक जागेवर हवा. तिची ड्युटी त्या आठवड्यात दुसऱ्या गावात, साथ पसरू नये म्हणून घरटी सर्व्हे. रजा बंद. ती पंचनाम्याला वेळेवर पोचली नाही, मग नाव पुरवणी यादीत गेलं, मग खेपा. मी वरच्यांना फोन केला, अर्ध्या दिवसाची सूट मागितली. मिळाली नाही. फोनवरचं माणूस दुष्ट नव्हतं. त्याच्याकडंही पाठवायला दुसरी कुणी नव्हती.

पुढच्या वर्षी कोरोना आला, आणि त्याबद्दल इतकं लिहून झालंय की मी थोडक्यात सांगते. सप्टेंबर 2020 मध्ये "माझे कुटुंब, माझी जबाबदारी" ही मोहीम निघाली. आम्ही घरोघर जाऊन लोकांचा ऑक्सिजन मोजला. आमच्या बायका संध्याकाळी घरी जाऊन परसात अंघोळ करायच्या आणि लेकरांना लांबून बघायच्या. त्याच वर्षी फेब्रुवारीच्या शेवटी सरकारी कचेऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला होता. अत्यावश्यक सेवा वगळून. ते योग्यही आहे, दवाखाना शनिवारी बंद ठेवता येत नाही. पण ज्यांना वगळलं त्यांना त्या बदली काय, याची चर्चा मी कुठल्या मासिक सभेत ऐकली नाही.

आता मनावरच्या ताणाबद्दल बोलायला टेलिमानसचा 14416 हा सरकारी हेल्पलाइन नंबर आहे, ऑक्टोबर 2022 पासून. चांगली सोय आहे, मी कितीतरी लोकांना तो दिला. पण फोन करायला अर्धा तास आणि बंद दार लागतं. आमच्या उपकेंद्राचं दार कामाच्या वेळेत बंद दिसलं तर गावातून लगेच तक्रार जाते.

तर त्या शिबिरानंतर, नोकरीच्या शेवटच्या वर्षात, मी एक छोटी गोष्ट केली. आमचे वैद्यकीय अधिकारी तरुण होते आणि ऐकून घेणारे होते. लगतच्या दोन-दोन उपकेंद्रांच्या जोड्या लावल्या. महिन्यातून एक दिवस एकीचा चार्ज दुसरीकडं. नुसतं तोंडी सांभाळून घे असं नाही, लेखी आदेश, फिरती कार्यक्रमात नोंद, गावच्या आशांना आणि सरपंचांना आधी कल्पना. त्या दिवशी तिचा फोन लागला नाही तरी चालेल, ग्रुपवर आकडे दुसरीनं द्यायचे. दिवस ठरवताना सत्राची तारीख टाळायची. जिथं जागा रिकामी तिथं मी स्वतः उभी राहायचे. पहिल्या महिन्यात चौघींनी दिवस घेतलाच नाही. एकजण दिवस घेऊन उपकेंद्रात येऊन बसली, रजिस्टर पुरी करत. मला तिला हाताला धरून घरी पाठवावं लागलं. दुसऱ्या महिन्यात एकीनं स्वतःची शुगर तपासून घेतली, एकजण मुलाच्या शाळेत गेली, एकजण दिवसभर झोपली. झोपलेली दुसऱ्या दिवशी खजील होऊन सांगत होती, काहीच केलं नाही म्हणून. मी म्हटलं, वडील असते तर त्यांनी तुझ्या पाठीवर थाप मारली असती.

ही व्यवस्था फार मजबूत नव्हती. पल्स पोलिओ आला की मोडायची, पावसाळी साथ आली की मोडायची, आणि दोन जागा आणखी रिकाम्या झाल्यावर तिसऱ्या जोडीला जोडीदारच उरला नाही. माणसंच कमी असली तर जोड्या लावून किती लावणार? भरती हाच मूळ उपाय आहे आणि तो सुपरवायझरच्या हातात नसतो. मी निवृत्त झाले तेव्हा पाचपैकी तीन जोड्या चालू होत्या. आता किती आहेत ते मुद्दाम विचारलेलं नाही. विचारायला धीर होत नाही.

मागच्या महिन्यात, एका बुधवारी, सकाळी अकराच्या सुमाराला तिचा फोन आला. 180/110 वालीचा. कामाच्या दिवशी, कामाच्या वेळेला तिचा फोन म्हटल्यावर माझ्या पोटात गोळा आला. म्हणाली, "बाई, आज चार्ज दिलाय. डॉक्टरनी बारा वाजता इकोला बोलवलंय, लौकर पोचलो." बीपी गोळीवर आता आटोक्यात असतो म्हणाली, कधी 140, कधी त्याच्या खाली. मी विचारलं, मग आत्ता कुठं आहेस? म्हणाली, रंकाळ्यावर, पदपथाच्या कडेला बाकडं आहे तिथं. मागं भेळेच्या गाडीवाल्याची भांडी वाजत होती, ती मला फोनवर ऐकू येत होती.

"काय करतेस तिथं?"

"काय न्हाई," म्हणाली. "बसलोय."

मी चप्पल घातली आणि निघाले.